रातकिड्यांचा रकाना

घोडेगावहून आहुप्याकडे जाणारी एसटी
मला वळणावर उतरवून धूर सोडत गेली.
पुढे पायवाट, हिरड्यांच्या सावलीतून,
आणि दीड तास नुसतं उतरत राहिलं की
पाचांबीचं खोरं.

माझं काम पुण्यात, टिळक रस्त्यावर, दुसऱ्या मजल्यावर.
काचेच्या खोलीत माणूस बसवायचा,
कानांवर हेडफोन चढवायचे आणि सांगायचं,
आवाज आला की बटण दाबा,
कितीही बारीक असला तरी.
बावीस वर्षं मी विचारतेय, येतंय का ऐकू?

बुद्धपौर्णिमेची प्राणिगणना.
उंबरावर मचाण, खाली उन्हाळ्यानं
परातीएवढं करून ठेवलेलं पाणी.
सोबत वाटाडे चिंधू असवले,
वय सत्तरीच्या अलीकडे की पलीकडे, त्यांनाही नक्की नाही.
"म्याडम, खोकायचं आसंल तर आत्ताच खोकून घ्या."

सात चाळीस. समोरच्या सोंडेवर भेकर भुंकलं.
त्यांनी बोट वर केलं: बिबट्या हाये तिकडं.
मी लिहिलं: अप्रत्यक्ष.
नऊला सांबराची मादी आली. पाण्याला तोंड लावलं
तसा चंद्र मोडला,
आणि तो पुन्हा जुळेपर्यंत ती मान खाली घालून उभी.
दहाच्या पुढे साळिंदर,
सुपात शेंगा पाखडाव्यात तसं वाजत गेलं.
त्याची चाहूल त्यांना माझ्या आधी लागली,
फळीतून, मांडीतून, कुठून कोण जाणे.

आणि रातकिडे.
खोरं काठोकाठ भरलेलं,
इतकं की दात शिवशिवत होते माझे.

मध्यरात्र उलटल्यावर चिंधूबाबा कुजबुजले,
"रातकिडं गेलं बघा हितनं.
चार सालं झाली. पयलं झोपू द्यायचं न्हाईत.
खालती शेतात औशिदं मारत्यात, त्यानं आसंल.
रेंजरसायबाला म्हनलं, लिवून घ्या."

काचेच्या खोलीत असते
तर कागदावर रेघ दिसली असती,
दोन हजारपर्यंत सरळ चालत आलेली,
चार हजारला कड्यावरून खाली.
तिथं वाक्य तयार असतं:
वयानुसार होतं, काळजी करू नका.
ते वाक्य मी पाठीवरच्या पिशवीत आणलं नव्हतं.

भेकर त्यांचं शाबूत होतं, घुबड शाबूत होतं.
तेवढं बारीक ते हातचं गेलेलं,
आणि त्यांनी ते खोऱ्याच्या नावावर मांडलेलं.

मग माझ्याकडे वळून,
"तुमास्नी येतोय का आवाज?"

बावीस वर्षांत पहिल्यांदाच उलटा आलेला प्रश्न.
अंगठा आपोआप हवेत बटण शोधायला गेला.
"येतोय," मी म्हटलं. "थोडा."
थोडा! भोवती अख्खं रान कानठळ्या बसवत होतं.

ते बराच वेळ गप्प.
खाली पाण्यात काहीतरी टपकलं, बहुधा पिकलं उंबर.
"मंजी हायेत."
"आहेत."
"मंग माझंच गेलं म्हनायचं," असं म्हणून
त्यांनी मांडीवर हलकेच थाप मारली.
"त्ये बरं."

नंतर म्हणाले, कसं वराडत्यात, सांगा की.
मला सांगता येईना.
मी नखानं फळीवर वाजवून दाखवलं,
थांबत, परत धरत, जवळचा एक, मग लांबचा.
ते तळहात फळीवर पसरून बसले होते.
मोजणीची वेळ टळून गेली.
त्या अर्ध्या तासात पाण्यावर काय आलं, काय गेलं,
माझ्या फॉर्मवर कोरं आहे.

सकाळी नाक्यावर गार्डनं कागद उलटसुलट केला.
"किड्यांचा रकाना नसतो, मॅडम."
शेऱ्याच्या जागी माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं:
रातकिडे. असंख्य. प्रत्यक्ष.
त्यानं पेन काढलं, त्यावर धरलं,
मग चिंधूबाबांकडे बघून
टोपण लावून टाकलं.